रक्ताची साक्ष

मनुष्य आपल्या गांवाविषयीं जितकें जाणतो तितकें आपल्या शरीराविषयीं जाणत नाहीं. पिंपळनेरास येऊन मला सव्वीस वर्षें होत आलीं. कोणत्या गल्लींत कोणाचें घर आहे, पांझरेला कोणत्या महिन्यांत कोठें उतार मिळतो, कोणत्या विहिरीचें पाणी मचूळ आणि कोणत्या विहिरीचें गोड, हें मी डोळे मिटून सांगूं शकेन. परंतु ज्या डोळ्यांच्या जोरावर ही सगळी माहिती मिळविली, त्यांच्या मागें काय आहे, त्यांना अन्नपाणी कोठून येतें, याचा विचार वयाच्या चौपन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या मनांत एकदांहि आला नव्हता. तो आणून देण्यासाठीं अखेर डोळ्यालाच संप करावा लागला.

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. मार्गशीर्ष महिना होता. आमच्याकडे त्या दिवसांत थंडी पश्चिमेच्या डोंगरांवरून उतरते आणि सकाळीं आठ वाजेपर्यंत ओट्यावरून हलत नाहीं. चहाचा पेला संपवून मीं वर्तमानपत्र उघडलें, तों कांहीं तरी उणें आहे असें वाटूं लागलें. चष्मा पुसला, उणेपणा पुसला गेला नाहीं. डावा डोळा मिटून पाहिलें, तेव्हां विलक्षण प्रकार दिसला. अक्षरांचीं अंगें जागच्या जागीं होतीं. परंतु शिरोरेषेच्या वरचें सगळें, वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, राखाडी धुक्यांत बुडून गेलें होतें. मान वर केली. शेताच्या बांधावर नजर ठेवली तर हरभरा दिसे, पण त्यामागचे डोंगर दिसत नसत. दुखणें म्हणाल तर तिळमात्र नव्हतें.

ह्यापुढें मीं जें केलें तें वाचकांनीं करूं नये म्हणूनच सांगतों. डोळ्यावर गार पाण्याचे हबके मारले. घरच्या मंडळींनीं, “आत्तांच्या आत्तां धुळ्याला चला,” असा आग्रह धरला. त्यावर “मला चांगलें दिसतें आहे,” असें उत्तर देऊन मी कॉलेजांत गेलों आणि दोन तास शिकवूनहि आलों. त्यांतला एक तास योगायोगानें मिल्टनवर होता. मिल्टन १६५२ च्या सुमारास पुरता अंध झाला आणि आपलें महाकाव्य त्यानें त्यानंतर दुसऱ्यांकडून लिहवून घेतलें, हें मी दरवर्षीं मोठ्या गंभीर स्वरांत सांगतों. त्या दिवशींहि सांगितलें. आणि आपलाच एक डोळा अर्धा विझला आहे हें मात्र शेजारच्या प्राध्यापकालाहि सांगितलें नाहीं. परीक्षेचे दिवस जवळ आले होते, रजा टाकणें बरें दिसलें नसतें, आणि शिवाय डोळा दुखत नव्हता! जें दुखत नाहीं तें गंभीर नसतें हा आपल्या लोकांचा मोठा जुना सिद्धांत आहे, आणि इंग्रजी शिक्षणानें तो माझ्या डोक्यांतून गेलेला नव्हता. साक्रीवरून पाऊणशें किलोमीटरांवरचें धुळें मीं गांठलें तें दुसऱ्या दिवशीं दुपारीं.

तेथील डोळ्यांच्या डॉक्टरांनीं औषध घालून बाहुली मोठी केली, आंत प्रकाश टाकला, आणि बराच वेळ पाहून फक्त एकच प्रश्न विचारला: “हें किती वाजतां झालें?” मीं सांगितलें. त्यांनीं बोटांवर मोजलें, आणि मग तोच प्रश्न पुन्हां विचारला; जणूं काय दुसऱ्या खेपेस माझें उत्तर बदलेल अशी त्यांना आशा होती. तें बदललें नाहीं. तीस तास होऊन गेले होते.

हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन पंडितानें १८५१ सालीं डोळ्याच्या आंत पाहण्याचें साधन जगापुढें मांडलें, आणि आठच वर्षांनीं, १८५९ मध्यें, ग्रेफे ह्या बर्लिनच्या नेत्रवैद्यानें डोळ्याची मुख्य धमनी बंद पडलेल्या रोग्याचें वर्णन केलें. म्हणजे ह्या रोगाला शास्त्रांत नांव मिळून दीडशेंहून अधिक वर्षें झालीं. तरी त्यावर पैजेनें गुण देईल असें औषध अजून सांपडलेलें नाहीं. पंजाबांत जन्मलेले आणि पुढें अमेरिकेंत आयोवा विद्यापीठांत नांवारूपास आलेले डॉक्टर सोहन सिंग हायरे यांनीं वानरांवर प्रयोग करून एक गोष्ट मात्र मिनिटांनीं मोजून ठेवली आहे. रक्त सुमारें ९७ मिनिटें अडलें तरी दृष्टिपटल सांवरतें. २४० मिनिटें अडलें तर होणारी हानि भरून येत नाहीं. चार तास! आमच्या एस. टी.नें साक्रीला जाऊन, तेथें गाडी बदलून, धुळ्यास पोंचण्याला जो वेळ लागतो त्यांतच ह्या चार तासांतला मोठा वांटा खर्ची पडतो. मग मजसारखा मनुष्य वर एक रात्र झोंप काढतो, त्याला काय म्हणावें?

डॉक्टरांनीं कागदावर आकृति काढून मला समजावूं लागतांच मीं म्हटलें, “हा तर आमचा फड आहे!” त्यांना तें कळलें नाहीं, पण पांझरेच्या कांठच्या वाचकाला लगेच कळेल. आमच्या खानदेशांत पांझरा, कान, मोसम ह्या नद्यांवर तीन-चारशें वर्षांपासून फड-बागायतीची पद्धत चालत आलेली आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यांतून निघालेला कालवा, कालव्याच्या चाऱ्या, आणि चाऱ्यांतून वावरावावरांत जाणारे सारंग. गांवाचें भिजणारें रान बहुधा चार फडांत विभागलेलें असे. कोणत्या फडांत ऊस, कोणत्या फडांत भुसार, हें सारे मिळून ठरवीत. पाटकऱ्यानें पाणी द्यावें, जागल्यानें पीक राखावें, हवालदारानें त्या दोघांवर लक्ष ठेवावें, आणि हंगामाच्या आधीं सगळ्यांनीं मिळून कालव्याचा गाळ काढावा, अशी ती व्यवस्था. आतां धरणें झालीं, विहिरी झाल्या, आणि कित्येक ठिकाणीं ही शिस्त मोडली. परंतु जुन्या पाटांच्या खुणा अजून आहेत.

डोळ्याचेंहि तसेंच. नेत्रमज्जेच्या पोटांतून एक धमनी आंत येते. तिची जाडी मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास. आंत येतांच तिच्या दोन शाखा होतात, एक वरची आणि एक खालची. आणि प्रत्येकीच्या पुन्हां दोन. असे हे चार फड. ज्याच्या त्याच्या चारीचें पाणी ज्याला त्याला. आमच्या फडांत आणि डोळ्याच्या फडांत फरक इतकाच, कीं दुष्काळाच्या वर्षीं गांवकरी एकत्र बसून एक फड कोरडा ठेवीत आणि उरलेल्यांचें पाणी वांटून घेत, कारण प्रत्येकाचें थोडथोडें वावर प्रत्येक फडांत असे. डोळ्यांत तसा पंचायतीचा सोयरसुतक नाहीं. एका शाखेंत अडथळा आला म्हणजे शेजारची शाखा भरून वाहत असली तरी हिला थेंब मिळत नाहीं. माझी खालची शाखा बंद झाली होती. आणि डोळ्याचा खालचा पडदा वरचें जग पाहत असल्यामुळें माझे डोंगर गेले आणि शेतें राहिलीं.

आतां अडथळा कोठून आला हा प्रश्न उरला. आणि येथून रक्ताचें प्रकरण सुरू झालें. माझ्या हातांतून इतक्या नळ्या भरून रक्त घेण्यांत आलें कीं, एखाद्या सावकारानेंहि व्याजापोटीं इतकें घेतलें नसेल. साखर, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, कोलेस्टेरॉल आणि त्याचे भाऊबंद, होमोसिस्टीन, रक्त गोठण्याच्या तऱ्हा, आणि तातडीनें ई.एस.आर. व सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन. शेवटच्या दोहोंची घाई कां, हें मीं विचारलें. पन्नाशीनंतर क्वचित् धमन्यांच्या भिंतींनाच दाह होतो. आपल्या देशांत हा रोग विरळा, परंतु झाला तर एका डोळ्यामागून दुसरा डोळा थोड्याच दिवसांत जाऊं शकतो. म्हणून आधीं ती शंका फेडून घ्यावयाची. चावतांना जबडा दुखतो का, कपाळाची बाजू ठणकते का, हेहि प्रश्न त्याच पोटीं आले.

ई.एस.आर. ही परीक्षा मला फार आवडली, आणि ती आवडण्याचें कारण बाळपणींचें आहे. श्रावणांत नदीचें गढूळ पाणी रांजणांत भरून आमची आजी त्यांत तुरटी फिरवी, कधीं निवळीचें बीं उगाळून घाली, आणि मग आम्हां पोरांना रांजणाजवळ फिरकूं देत नसे. गाळ खालीं बसे, वर स्वच्छ पाणी राही. रक्ताचेंहि नेमकें हेंच करतात. गोठूं नये असें द्रव्य मिसळून रक्त एका उभ्या बारीक नळींत ठेवतात, आणि एका तासांत तांबड्या पेशींचा गाळ किती मिलिमीटर खालीं उतरला तें वाचतात. शरीरांत कोठें दाह असला म्हणजे रक्तांतील कांहीं प्रथिनें वाढतात, त्यांच्यामुळें पेशी एकमेकींवर नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात, आणि जड होऊन लवकर बुडतात. पोलंडांतील बिएर्नाट्स्की यानें १८९७ सालीं ही गोष्ट ओळखली. स्वीडनच्या फोरेयस यानें १९१८ सालीं गरोदर स्त्रियांच्या रक्तांत ती पुन्हां पाहिली. आणि त्याच देशाच्या वेस्टरग्रेन यानें १९२१ च्या सुमारास तिची जी रीत घालून दिली ती आजहि चालू आहे. शंभर वर्षें होऊन गेलीं, यंत्रांवर यंत्रें आलीं, तरी आमच्या आजीची परीक्षा अजून दवाखान्यांतून उठलेली नाहीं याचें मला समाधान वाटलें.

माझा गाळ सावकाश बसला. प्रोटीनहि बेताचें निघालें. साखर ठीक, होमोसिस्टीन ठीक, कोलेस्टेरॉल किंचित् अधिक, पण माझ्या वयाच्या कोणत्याहि बैठ्या मनुष्याचें असावें इतकेंच. कागद हातांत घेऊन मी आनंदलों आणि डॉक्टरांना म्हणालों, “म्हणजे मी सर्व विषयांत उत्तीर्ण!” ते म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, उत्तीर्ण झालेल्याचाहि डोळा गेला आहे, हें विसरूं नका.” त्यांनीं आंत पाहिलें तेव्हां खालच्या शाखेच्या दुभाग्यावर एक पिवळसर चकाकणारा कण त्यांना दिसला होता. असे कण हॉलेनहॉर्स्ट ह्या अमेरिकन डॉक्टरानें १९६१ सालीं ओळखून दिले. ते कोलेस्टेरॉलचे असतात, आणि बहुधा मानेंतल्या मोठ्या धमनीच्या भिंतीवरच्या खपल्यांतून निखळून वाहत येतात. माझ्या मानेची ध्वनिपरीक्षा केली, तेव्हां खपली सांपडली. वरच्या बंधाऱ्याला धरलेला गाळ एके सकाळीं सुटला आणि खालच्या चारीच्या तोंडाशीं अडकला, एवढीच हकीकत. वाहत्या पाण्याचा पेला भरून कितीहि तपासला असता तरी ती कळली नसती.

तेव्हांपासून रक्ताच्या आंकड्यांकडे पाहण्याची माझी दृष्टि बदलली. रक्त हा साक्षीदार आहे. तो खोटें बोलत नाहीं. परंतु जेवढें विचाराल तेवढेंच सांगतो, आणि जें त्यानें पाहिलेलें नाहीं त्याविषयीं गप्प राहतो. अलीकडे कित्येक संशोधक असें सांगतात कीं, पांढऱ्या पेशींच्या दोन जातींचें परस्परप्रमाण डोळ्याची धमनी बंद पडलेल्या रोग्यांत सरासरीनें वाढलेलें आढळतें. आढळत असेल. पण सरासरी म्हणजे काय हें परीक्षकाला निराळें सांगावयास नको. वर्गाची सरासरी बेचाळीस गुण आली, यावरून तिसऱ्या बांकावरच्या मुलीला घरीं दिवा आहे कीं नाहीं तें कळत नाहीं. तें कळण्यासाठीं तिच्याकडे पाहावें लागतें.

तिसऱ्या बांकावरची मुलगी मीं उगाच लिहिली नाहीं. ह्या लेखाचा खरा विषय तीच आहे, आणि मी तेथें येण्याला इतका वेळ लावला याचें कारण मला तेथें यावयाला बरें वाटत नाहीं.

तीन महिन्यांनीं रक्त पुन्हां तपासून घ्यावयाचें होतें, म्हणून मी गांवांतच एके सकाळीं रक्त तपासणाऱ्याकडे जाऊन बसलों. समोरच्या बांकावर ती बसली होती; बाजूला तिचा बाप, हातांत एक मळकें कार्ड. ती पश्चिमेच्या डोंगरपट्टींतील एका पाड्यावरून येणारी भिल्लाची मुलगी, दुसऱ्या वर्षांत शिकणारी. वर्गांत तिची उपस्थिति अनियमित असे. आठवडा आठवडा ती दिसत नसे, आणि आली कीं विचारल्यावर “अंग दुखत होतं, सर,” एवढेंच सांगे. डिसेंबरांत, माझा डोळा जाण्याच्या थोडेच दिवस आधीं, मीं भर वर्गांत तिला म्हटलें होतें, “अभ्यासाचा कंटाळा आणि अंगदुखी यांचें नातें फार जुनें आहे.” वर्ग हंसला होता. मींहि हंसलों होतों. वाक्य चांगलें साधलें असें मला वाटलें होतें.

बापाच्या हातांतल्या कार्डावर सिकलसेल हा शब्द होता.

हा रोग मला अगदींच अपरिचित होता असें म्हणतां येणार नाहीं. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांत शहडोल येथें त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि २०४७ ची मुदत ठरली, हें मीं वाचलें होतें. खानदेशांतल्या आदिवासी जातींत तो आहे हेंहि कानावर होतें. पण कानावर असणें आणि तिसऱ्या बांकावर असणें यांत अंतर असतें. घरीं येऊन मीं जें मिळेल तें वाचलें. १९१० सालीं शिकागोच्या हेरिक यानें हा रोग प्रथम छापून जगापुढें आणला. त्याचा रोगी ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठीं आलेला वॉल्टर क्लेमंट नोएल नांवाचा विद्यार्थी होता. त्यानें शिक्षण पुरें केलें, मायदेशीं जाऊन धंदा मांडला, आणि १९१६ मध्यें बत्तिसाव्या वर्षीं तो वारला. पहिला रोगी विद्यार्थीच होता हें वाचून मी पुस्तक मिटून कांहीं वेळ स्वस्थ बसलों.

ह्या रोगाचें मूळ एका मुद्रणदोषांत आहे असें म्हटलें तरी चालेल. रक्तांत प्राणवायु वाहून नेणारें जें हीमोग्लोबिन, त्याची एक सांखळी १४६ दुव्यांची असते. त्यांतील सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्ल असावयाचें, तेथें व्हॅलिन पडतें. पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं १९४९ मध्यें दोष ह्या रेणूंतच आहे हें दाखविलें, आणि कांहीं वर्षांनीं इंग्रम यानें चुकलेलें अक्षर नेमकें शोधून काढलें. एका अक्षराच्या चुकीनें तांबडी पेशी, प्राणवायु कमी पडला कीं, विळ्यासारखी वांकते, ताठ होते, आणि बारीक वाहिन्यांतून जातांना अडकून राहते. जेथें अडकते तेथें दुखतें. हाडें दुखतात, पाठ दुखते, छाती दुखते. थंडीनें, तहानेनें, अतिश्रमानें हें दुखणें उसळतें. माझ्या मुलीचें म्हणजे ह्या विद्यार्थिनीचें कुटुंब दिवाळीनंतर गुजराथेंत ऊस तोडावयास जाई, आणि सुट्टींत तीहि जाई. पहांटेची थंडी, दिवसभराचे कष्ट आणि अपुरें पाणी. म्हणजे दुखणें उसळावयास जें जें लागतें तें सर्व तेथें होतें.

हें चुकलेलें अक्षर इतक्या पिढ्या टिकून कां राहिलें, याचा खुलासा अॅलिसन यानें १९५४ सालीं आफ्रिकेंत केला. आई आणि बाप यांपैकीं एकाकडूनच तें आलें असेल तर मनुष्य आजारी पडत नाहीं, उलट हिवतापापासून त्याचें बरेंच रक्षण होतें. आपल्याकडे १९५२ मध्यें नीलगिरीच्या आदिवासींत आणि १९५८ मध्यें नागपुराकडे तें प्रथम नोंदलें गेलें. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या जंगलांत हिवतापानें कितीक पिढ्या पोसल्या आणि मारल्या. त्याच्याशीं झुंजतांना हातीं आलेली ही ढाल दोन्हीकडून मिळाली कीं तलवार होते.

त्या सकाळीं रक्त तपासणाऱ्यानें माझ्या कुतूहलाखातर मला ह्या रोगाची पहिली परीक्षा दाखविली. एका औषधी द्रवांत रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीच्या मागें काळ्या ओळी छापलेला कागद धरतात. निरोगी रक्त असेल तर द्रव निवळ राहतो आणि पलीकडच्या ओळी वाचतां येतात. सदोष असेल तर द्रव गढुळतो आणि ओळी दिसेनाशा होतात. वाहक कोण आणि रोगी कोण हें मग मोठ्या यंत्रावर ठरवितात. आयुष्यभर ओळी वाचण्याचा आणि वाचावयास शिकविण्याचा धंदा केलेल्या मला ही परीक्षा विसरतां येत नाहीं. माझ्या रक्तामागें ओळी स्वच्छ दिसल्या असत्या, आणि तरी माझ्या डोळ्याला त्या दिसत नव्हत्या. तिच्या रक्तामागें ओळी पुसल्या जात, आणि तिचे डोळे स्वच्छ होते; निदान तिला तसें वाटत होतें.

“हें कार्ड तूं मला आधीं कां दाखविलें नाहींस?” मीं विचारलें. ती खालीं पाहूं लागली. बाप म्हणाला, “सर, कार्ड दाखवलं की गोष्ट गावांत जाते. धाकटीचंबी लग्न व्हायचंय.” ह्यावर बोलण्यासारखें मजपाशीं कांहीं नव्हतें. डिसेंबरांतल्या त्या वाक्याबद्दल मीं तिची क्षमा मागावी असें मनांत आलें. पण तेहतीस वर्षांच्या मास्तरकीनें जीभ अशी कांहीं जड होते कीं, ज्या वाक्याची खरी गरज असते तेंच तेवढें उच्चारतां येत नाहीं. मीं तिला विचारलें, “डोळे कधीं तपासलेस का?”

“मला चांगलं दिसतं, सर,” ती म्हणाली.

माझेंच वाक्य तिच्या तोंडून परत आलें! सिकलसेल रोग्याच्या डोळ्यांत बारीक धमन्या बंद पडतात त्या पडद्याच्या अगदीं कडेला. मध्यभाग शाबूत असतो, वाचतां येतें, शिवतां येतें, सुईंत दोरा ओंवतां येतो. गोल्डबर्ग यानें १९७१ मध्यें ह्या विकाराच्या पांच पायऱ्या ठरविल्या. धमन्या बंद पडणें ही त्यांतली पहिली पायरी, आणि ती रोग्याला कळत नाहीं. पुढें उपाशी राहिलेल्या कडेला नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात, समुद्रांतल्या पंख्यासारख्या पसरतात, आणि एखादे दिवशीं त्यांतून डोळ्यांत रक्त सांडतें. वेळींच पाहिलें तर बहुधा लेसर-किरणांनीं त्यांना आवर घालतां येतो. म्हणून अशा मुलांचे डोळे दहाव्या वर्षापासून, बाहुली मोठी करून, एक-दोन वर्षांनीं पाहत जावें असें जाणते सांगतात. ती एकोणीस वर्षांची होती.

पुढच्या फेरीला मीं तिला आणि तिच्या बापाला माझ्याबरोबर धुळ्यास नेलें. आधीं डॉक्टरांनीं माझा डोळा पाहिला. त्यांत नवें सांगण्यासारखें कांहीं नव्हतें. मग तिचा पाहिला. बाप भिंतीला टेकून उभा होता. खुर्ची पुढें केली तरी बसला नाहीं. डॉक्टरांनीं वर मान करून सांगितलें कीं, दोन्ही डोळ्यांच्या कडेला कांहीं धमन्या पांढऱ्या दोऱ्यांसारख्या झालेल्या आहेत, म्हणजे मिटल्या आहेत. नव्या वाहिन्या अजून नाहींत. औषध तूर्त नको, पण दरवर्षीं न चुकतां आलें पाहिजे.

“हे रगतात कळत नाही का, साहेब?” बापानें विचारलें. “दर खेपेला रगत तर देतोच आम्ही.”

डॉक्टरांनीं फार चांगलें उत्तर दिलें. रक्तावरून रोग आहे हें कळतें, तान्ह्या वयांतलें हीमोग्लोबिन किती उरलें आहे तें कळतें, आणि तें जास्त असेल तर रोग कांहींसा सौम्य असतो हेंहि खरें. पण कोणाच्या डोळ्यांत काय चाललें आहे तें रक्तावरून ओळखतां येत नाहीं. परदेशांत तर ह्या रोगाचा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत अंगाला त्रास कमी आणि डोळ्याला जास्त. “डोळा पाहिल्याशिवाय कळत नाहीं,” असें म्हणून मग मला काढून दाखविली होती तीच आकृति त्यांनीं त्याच्यासाठीं काढली: मोठी धमनी, चार शाखा, आणि कडेला बारीक बारीक होत गेलेल्या रेषा. मी मदतीला धांवणार, इतक्यांत तो म्हणाला, “म्हंजे शेपटाच्या वावरांना पानी पोचत नाही. असंच ना?”

तो दुसऱ्याच्या शेतावर राबणारा, रात्रींच्या पाळीला पाणी भरणारा मनुष्य. चारीच्या टोंकाला असलेल्या वावरांत पाणी कमी झालें कीं वरच्यांना तें कळत नाहीं, कारण त्यांचीं पिकें हिरवीं असतात, हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. खालून कोणी तरी चालत येऊन “पानी उनं नही” असें सांगतो तेव्हां कळतें. आणि डोळ्याच्या टोंकाकडून असें सांगत येणारा कोणी नसतो. मला जी उपमा सुचली म्हणून मी मनांत मिरवीत होतों, ती त्याची रोजची मजुरी होती.

परत येतांना एस. टी. दहिवेलच्या फांट्याशीं बराच वेळ थांबली. तेथें मीं तिला डिसेंबरांतल्या वाक्याची आठवण दिली आणि तें मीं बोलावयास नको होतें असें सांगितलें. ती खिडकीकडे पाहत म्हणाली, “तुम्हांला ठाऊक नव्हतं ना, सर.” हें क्षमेचें वाक्य होतें कीं दोषाचें, तें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं. ठाऊक नव्हतें हें खरें. पण विचारलें असतें तर ठाऊक झालें असतें, हेंहि तितकेंच खरें.

तारीख ठरवितांना एक अडचण आली. डॉक्टरांनीं बारा महिन्यांनीं यावयास सांगितलें, म्हणजे ऐन ऊसतोडणीचे दिवस. बापानें हिशेब केला आणि म्हणाला, “दिवाळीच्या आधीं घ्या, टोळी निघायच्या आधीं.” डॉक्टरांनीं अश्विन लिहिला. गेल्या अश्विनांत आम्ही तिघे जाऊन आलों. कडेचे दोरे थोडे वाढले आहेत; नव्या वाहिन्या नाहींत. ती यंदा शेवटच्या वर्षाला आहे आणि टोळीबरोबर गेलेली नाहीं. चुलतीकडे राहून कॉलेजांत येते. अंग दुखतें तेव्हां येत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं तसें मला सांगते. मी हजेरीपटावर तिच्या नांवापुढें तेवढीच नोंद करतों. उजव्या डोळ्यानें नांवाच्या वरच्या मात्रा अजूनहि दिसत नाहींत, डाव्यानें दिसतात.